ऑनलाइन पुस्तक-परीक्षण: कथानक किती सांगायचं, उतारा किती घ्यायचा, लेखकाला टॅग करायचं का?

पानखूण (प्रश्न)

मराठी कादंबऱ्या, कथासंग्रह आणि थोडं ललितेतर यांवर नियमित लिहायला सुरुवात करायची आहे. फेसबुकवरचे वाचन-गट, गुडरीड्स (वाचकांच्या परीक्षणांचं संकेतस्थळ) आणि ॲमेझॉन अशा तीन जागा डोक्यात आहेत. एकेक मजकूर ४०० ते ६०० शब्दांचा असेल. पुढच्या गोष्टींवर नेमकं मार्गदर्शन हवं आहे:

कथानक कुठपर्यंत सांगणं चालतं? उतारा किती शब्दांचा घ्यावा, पानांचे फोटो टाकावेत का, कविता अख्खी दिली तर चालते का? प्रकाशकाने प्रत भेट दिली असेल तर ते कुठे आणि कसं लिहायचं? पुस्तक आवडलं नाही आणि लेखक त्याच गटात असेल तर? अर्धं वाचून सोडलेल्या पुस्तकाला तारे द्यावेत का?

'प्रामाणिकपणे लिहा' हे ठाऊक आहे. करायचं काय ते सांगा.

---

मुद्राराक्षस

आधी सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट. परीक्षणाच्या वर किंवा खाली पुस्तकाची चौकट हवीच: नाव, लेखक, अनुवाद असेल तर मूळ भाषा आणि अनुवादक, प्रकाशन, कितवी आवृत्ती, साल, पानं, किंमत. छापील पुरवण्यांत ही चौकट असते. ऑनलाइन येताना ती गळून पडली. खरं तर तिची गरज इथेच जास्त. ऑनलाइन मजकूर दहा वर्षांनीही शोधात वर येतो. तोवर किंमत दुप्पट झालेली असते आणि कधी कधी प्रकाशनही बदललेलं असतं.

ही माहिती मुखपृष्ठावरून किंवा विक्रीच्या संकेतस्थळावरून उचलू नका, आतल्या श्रेयपानावरून, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती, किंमत छापलेल्या पानावरून घ्या. तिथे 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांची गल्लत होते. काटेकोर अर्थाने आवृत्ती बदलली म्हणजे मजकुरात किंवा मांडणीत काही बदल झाला, आणि पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुन्हा छापलं. मराठीत अनेकदा पुनर्मुद्रणालाही आवृत्तीच म्हणतात. म्हणून पानावर जो शब्द छापला असेल तोच लिहा. अनुवादकाचं नाव गाळणं हा तर सर्रास चालणारा अपराध आहे. 'भाषा ओघवती आहे' असं कौतुक करायचं आणि ती भाषा ज्याची, त्याचं नावच नाही!

छपाईच्या चुकांबद्दल लिहिणार असाल तर मोजून लिहा. 'शुद्धलेखनाच्या फार चुका' यातून कोणाच्या हाती काही लागत नाही. 'पहिल्या ५० पानांत ११ जागी, बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या. पान ३७ वर एक ओळ दोनदा' असं लिहिलंत तर पुढच्या छपाईत दुरुस्ती होऊ शकते. मात्र मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी संवादांना प्रमाण लेखनाची फूटपट्टी लावून त्यांना चुकांत मोजू नका. 'म्हनला', 'व्हतं' हे तिथे बरोबरच असतं.

आता कथानक. मलपृष्ठावरच्या मजकुरात, म्हणजे पाठराखणीत, जे सांगून टाकलेलं असतं ते सांगायला हरकत नाही. त्यापुढे पुस्तकाचा पहिला पाव भाग हा माझा ठोकताळा: २४० पानांची कादंबरी असेल तर साठाव्या पानापर्यंतचं. रहस्यकथेत त्याहून कमी. कथासंग्रहात हा हिशेब चालत नाही, कारण आठ पानांच्या कथेचा पाव भाग म्हणजे दोन पानं, आणि त्यांतच सगळं असू शकतं. तिथे कथेचं नाव आणि ती कोणत्या पेचातून सुरू होते एवढं पुरे. कधी पाठराखणच अर्धं पुस्तक फोडते. तेव्हा तिच्यामागे जाऊ नका.

दोन गोष्टी सहज निसटतात. 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' हाही रहस्यभेदच. ते वाचलेला माणूस मग पानोपानी धक्का हुडकत बसतो. आणि ऐतिहासिक कादंबरीत 'निकाल सगळ्यांना ठाऊकच आहे' म्हणून सगळं सांगू नका. पानिपतावर काय झालं ते माहीत असतं. लेखकाने ते कोणाच्या डोळ्यांनी आणि कुठून पाहायचं ठरवलं हे माहीत नसतं. तिथलं गुपित ते.

शेवटाबद्दल बोलल्याशिवाय परीक्षण होतच नसेल तर गुडरीड्सवर तेवढा भाग झाकायची सोय आहे. त्या भागाच्या आधी आणि नंतर कोनी कंसातला स्पॉयलर टॅग टाकला की वाचणाऱ्याने दाबल्यावरच तो दिसतो. अख्खं परीक्षण झाकायलाही एक खूण असते. टेलिग्रामवर मजकूर निवडून तसा झाकता येतो. फेसबुकच्या साध्या पोस्टमध्ये अशी सोय नाही, म्हणून लोक टिंबांच्या ओळी टाकत जातात. त्यांचा उपयोग फारसा नाही: कोणी मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर पुढे ढकलला की टिंबं काढून टाकली जातात आणि खुनी उघडा पडतो. त्यापेक्षा पहिल्याच ओळीत इशारा द्या, आणि शेवटाबद्दलचा भाग वेगळ्या पोस्टमध्ये लिहा.

---

कलमबहाद्दर

उताऱ्यांबद्दल. 'अमुक शब्दांपर्यंत चालतं' हे जे सगळीकडे फिरतं त्याला आधार नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम ५२(१)(क) मध्ये टीका किंवा परीक्षणासाठी 'उचित व्यवहार' म्हणून वापराला मोकळीक आहे, पण शब्दांचा आकडा दिलेला नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मल्याळम लेखक सिविक चंद्रन यांच्या नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहायच्या सांगितल्या: तुमच्या भाष्याच्या मानाने घेतलेला भाग किती आणि किती मोलाचा, घेण्यामागचा हेतू काय, आणि तुमच्या मजकुराची मूळ कृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता आहे का.

हे व्यवहारात असं उतरवा. ५०० शब्दांच्या परीक्षणात उतारे मिळून ७५ ते १०० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. हा आकडा माझा, कायद्याचा नाही. प्रत्येक उताऱ्याला लागून तुमचं किमान एक वाक्य हवं, जे त्या उताऱ्याशिवाय उभंच राहणार नाही. 'काही सुंदर वाक्यं' म्हणून खाली वीस वाक्यांची रास घातली की ते परीक्षण राहत नाही, संकलन होतं. उताऱ्याला अवतरणचिन्हं द्या, पान क्रमांक द्या, मधलं काही गाळलं असेल तर तीन टिंबं द्या. लेखकाचं लेखन 'सुधारून' उतरवू नका.

कविता अख्खी देऊ नका, बारा ओळींचीच असली तरी. कवितेत 'थोडासा भाग' असं काही नसतं, तीच ती संपूर्ण कृती. दोन ते चार ओळी आणि त्यांवर भाष्य, एवढंच. अपवाद कॉपीराइटची मुदत संपलेल्या लेखनाचा. भारतात लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. उदाहरणार्थ, साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. पण अनुवादात दोन घड्याळं चालतात. मूळ लेखन खुलं झालं तरी अनुवादकाचा हक्क शिल्लक असू शकतो. खुल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचंही तेच.

मुखपृष्ठाचा फोटो परीक्षणासोबत खुशाल टाका, चित्रकाराचं नाव दिलंत तर उत्तम. आतल्या पानांचे फोटो टाळा. बांधणी, अक्षराचा आकार किंवा छपाईचा दोष दाखवायचा असेल तर एखाद्या पानाचा तुकडा पुरतो. उतारा म्हणून फोटो लावणं दुसऱ्याही कारणाने वाईट: दृष्टिहीन वाचकांना फोटोतला मजकूर स्क्रीन रीडरवर नीट ऐकू येईलच असं नाही, आणि तो शोधातही सापडत नाही. टंकून द्या.

आणि परीक्षणाखाली हमखास येणारा 'पीडीएफ मिळेल का?' हा प्रश्न. उत्तरात प्रकाशनाचं, ई-आवृत्ती असल्यास तिचं किंवा ग्रंथालयाचं नाव द्या. कोणी बेकायदा दुवा टाकला तर तो 'मी थोडाच टाकला' म्हणून राहू देऊ नका. पोस्ट तुमची असेल तर टिप्पणी काढता येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

अवांतर: यूट्यूबवर अख्ख्या कथेचं अभिवाचन करून शेवटी दोन मिनिटं 'मला काय वाटलं' बोलणं हे परीक्षणाच्या सवलतीत बसत नाही. त्याला लेखी परवानगी लागते.

आता न आवडलेलं पुस्तक. अब्रुनुकसानीच्या कायद्यात (१८६० च्या दंड संहितेचं कलम ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६) एक अपवाद जणू पुस्तक-परीक्षकांसाठीच लिहिलाय. जो पुस्तक प्रसिद्ध करतो तो ते लोकांच्या न्यायनिवाड्यापुढे ठेवतो, असं त्यात गृहीत धरलंय. उदाहरणं तर पाहण्यासारखी आहेत. एखाद्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा तो माणूस दुबळा असला पाहिजे, असं सद्भावनेने म्हटलंत तर चालतं, कारण तुमचं मत पुस्तकात जेवढा माणूस दिसतो तेवढ्यापुरतं आहे. पण 'पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, माणूसच दुबळा आणि बदफैली' म्हटलंत की अपवाद संपला, कारण हे मत पुस्तकातून आलेलं नाही. दीडशे वर्षांहून जुनं हे उदाहरण आजही फेसबुकच्या पोस्टला पुरतं: बोट पुस्तकाकडून माणसाकडे जाऊ शकतं, माणसाकडून पुस्तकाकडे येऊ नये. लेखकाची जात, नोकरी, घरगुती गोष्टी, 'याने पैसे देऊन छापून घेतलं असेल' हे सगळं बाहेर.

---

टाचण

भेट मिळालेल्या प्रतीबद्दल. पूर्वी प्रकाशक नियतकालिकांकडे 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारून प्रत पाठवत, तेव्हा वाचकाला ते गृहीतच असे. तुमच्या पोस्टवर असा शिक्का कोणाला दिसत नाही, म्हणून तो शब्दांत मारावा लागतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळी पुस्तिका काढली. त्यात फुकट मिळालेली वस्तू, सवलत, नातेसंबंध, नोकरी हे सगळं 'हितसंबंध' म्हणून मोजलंय. तिचा रोख आहे तो मोठा अनुयायीवर्ग असलेल्या इन्फ्लुएन्सरांवर. २०० मित्र असलेल्या वाचकाने लगेच धास्तावायचं कारण नाही, पण पद्धत म्हणून तीच उचलावी. त्यातले तीन मुद्दे कामाचे: खुलासा शिफारशीच्याच भाषेत हवा, हॅशटॅगच्या गर्दीत तो दडवू नये, आणि व्हिडिओ असेल तर तो व्हिडिओतच हवा, नुसता खालच्या वर्णनात नको. म्हणजे मराठी परीक्षणाच्या तळाशी इंग्रजी हॅशटॅग टाकून सुटका नाही.

एक ओळ पुरते, आणि ती पहिल्या परिच्छेदातच हवी. फेसबुक काही ओळींनंतर मजकूर दुमडतं. खुलासा शेवटी टाकला तर बहुतेकांना दिसतच नाही. 'प्रकाशनाकडून अभिप्रायासाठी प्रत मिळाली. मजकूर त्यांना आधी दाखवलेला नाही.' दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा, आणि तो खरा असेल तरच लिहा. लेखकाशी ओळख, एकाच प्रकाशनाकडे तुमचंही पुस्तक असणं, हस्तलिखित वाचून दिलेलं असणं, ऋणनिर्देशात तुमचं नाव असणं हेही सांगा. शेवटची गोष्ट फार जण विसरतात, आणि कोणीतरी ऋणनिर्देशाच्या पानाचा फोटो टाकून तिची आठवण करून देतं!

ॲमेझॉनचा नियम: लेखक-प्रकाशकाने प्रत फुकट द्यायला हरकत नाही, पण त्या बदल्यात परीक्षणाची अट घालता येत नाही आणि मतावर दबाव आणता येत नाही. लेखकाच्या घरच्यांनी, जवळच्या मित्रांनी तिथे परीक्षण टाकू नये. टाकलं तर ते उडवलं जाऊ शकतं. प्रकाशन समारंभात 'सगळ्यांनी आजच पाच तारे द्या' म्हणून आवाहन होतं ते याच नियमावर आपटतं. प्रत घेतानाच प्रकाशनाला लिहून कळवा: मत काहीही असू शकेल, तारीख बांधून देता येणार नाही, पुस्तक न आवडल्यास कदाचित लिहिणारही नाही. ज्यांना हे चालत नाही ते प्रत पाठवत नाहीत. दोघांचाही वेळ वाचतो.

---

वाचनमात्र

ताऱ्यांपुरतं लिहितो. गुडरीड्सवर प्रत्येक ताऱ्याला अर्थ दिलाय: एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार म्हणजे खूप आवडलं, पाच म्हणजे अप्रतिम. म्हणजे तिथले तीन ही शाबासकी आहे. खरेदीच्या संकेतस्थळावर मात्र लोक तिनाला 'जेमतेम' समजतात. २०१३ पासून गुडरीड्स ॲमेझॉनच्याच मालकीचं आहे, तरी मोजपट्टी अशी दोन तऱ्हांची. एकच आकडा दोन्हीकडे डकवू नका. अर्धा ताराही गुडरीड्सवर नाही. साडेतीन द्यायचे असतील तर मजकुरात लिहा आणि नेहमी एकाच बाजूला वळवा, कायम खाली किंवा कायम वर.

सोडलेल्या पुस्तकाबद्दल: लिहा, पण '३१० पैकी ९० पानं वाचली' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि का सोडलं ते सांगा. तारे देऊ नका. ९० पानांवरून भाषेबद्दल बोलता येतं. रचनेबद्दल आणि शेवटाबद्दल नाही.

कुरिअरने कोपरा दुमडला, पुस्तक आठ दिवस उशिरा आलं, यासाठी पुस्तकाचा तारा कापू नका. विक्रेत्याबद्दलचा अभिप्राय ॲमेझॉनवर वेगळ्या जागी देता येतो. पानं उलटी शिवलेली, बांधणी सुटलेली हे पुस्तकाच्या परीक्षणात लिहिणं ठीक, पण 'कागदी आवृत्ती' हे शब्द न विसरता. तिथे कागदी आणि किंडल आवृत्त्यांची परीक्षणं एकत्र दाखवली जातात, आणि किंडलवाला 'कसली बांधणी?' म्हणून चक्रावतो. किंमत जास्त वाटली तर पानं आणि किंमत दोन्ही द्या, वाचणारा ठरवेल.

गुडरीड्सवर मराठी पुस्तकाची नोंद नाही असं वाटलं तर नवी करण्याआधी देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शोधा, शिवाय पुस्तकावरचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकून पाहा. एकाच कादंबरीच्या चार नोंदी झाल्या की परीक्षणं चार जागी विखुरतात. देवनागरीत आणखी एक खोडा आहे: 'ऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो, दिसायला सारखा पण संगणकाला वेगळा. 'वाऱ्या', 'दुसऱ्या' असे शब्द नावात असतील तर शोध फसतो. तो शब्द वगळून नावातल्या दुसऱ्या शब्दाने शोधा. जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये लिहिलेला मजकूर थेट चिकटवला तर अगम्य अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

---

पानखूण

भरपूर मिळालं, आभार. लेखकाला टॅग करण्याचा मुद्दा राहिला. आणि लेखकाने खाली येऊन वाद घातला तर?

---

टाचण

कौतुक असेल तर टॅग करा, नसेल तर करू नका. टीका वाचायला कोणाला हाताला धरून आणू नये. लेखकाला शोधायची असेल तर ती सापडतेच.

---

मुद्राराक्षस

टाचण यांच्याशी अर्धाच सहमत. फक्त कौतुकालाच टॅग करत गेलं की टॅग म्हणजे पावती होते, आणि हळूहळू हात कौतुकाकडेच वळतो. त्यापेक्षा कोणालाच टॅग करू नये. लेखकाचं नाव साधं टंकावं. एक सूट: वस्तुस्थितीची चूक दिसली, उदाहरणार्थ सन किंवा नातं चुकलं, तर ती आधी प्रकाशनाला खासगीत पान क्रमांकासह कळवावी. मग परीक्षणात एका वाक्यात लिहावी, आणि तीही पानासह.

लेखक खाली आला तर प्रतिसादाचे दोन भाग करा. तुमची माहिती चुकली असं तो दाखवत असेल तर पुस्तक उघडून ते पान पाहा, आणि चूक असेल तर लगेच माना. तुमचं मत चुकलं असं म्हणत असेल तर एकदाच उत्तर द्या, कोणत्या पानांवरून ते मत झालं ते सांगा, आणि थांबा. बाजू घ्यायला येणाऱ्या तिसऱ्या लोकांना उत्तरं देत बसू नका. १२० टिप्पण्यांचा धागा झाला की पुस्तक कोणालाच आठवत नाही.

---

कलमबहाद्दर

+१. आणि चूक मानताना मूळ वाक्य गुपचूप बदलू नका. गुडरीड्स असो वा फेसबुक, मजकूर नंतर बदलता येतो, पण त्यामुळे खालच्या टिप्पण्या हवेत लटकतात. वाक्य दुरुस्त करा आणि तळाशी तारखेसह ओळ टाका: 'दुरुस्ती: आधी अनुवादाचं साल चुकीचं दिलं होतं.' दुसऱ्या वाचनात मत बदललं तरीही तसंच. जुनं मत खोडू नका, त्याखाली तारीख घालून नवं लिहा. ताऱ्यांचं तेवढं जमत नाही, तिथे जुन्यावर नवा आकडा चढतो. म्हणून आधी किती दिले होते ते मजकुरात लिहून ठेवा.